आधी रक्ताची काच, मग इंजेक्शन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात खटाव तालुक्यातल्या एका दूधउत्पादक भावांचं पत्र वाचलं. गोचीड तापाने त्यांची नुकती व्यालेली गाय गेली. बुपार्वाक्वोनचं महाग इंजेक्शन देऊनही गेली, म्हणून 'हे औषध आता चालत नाही, बाटलीत पाणी भरून विकतात' असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांचं दुःख मला कळतं. आमच्याही दावणीची खुंटी अशीच रिकामी झाली आहे. पण ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला हवी असलेली एक ओळ त्यात सापडली नाही. गायीचं रक्त कुणी तपासलं होतं का? खांद्याच्या गाठी सुजल्या होत्या का, लघवीचा रंग काय होता, गायीचं वजन किती, औषध किती मिली गेलं, कितव्या दिवशी गेलं? हे कळल्याशिवाय औषध चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही. ठरवलं तर काय होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून हे लांबलेलं पत्र. जागा मिळाली तर पूर्ण छापावं ही विनंती.

मी रहिमतपूरजवळच्या एका गावात राहते. वय ५३. दोन एकर ऊस, थोडं आलं, पावसाळ्यात घेवडा, आणि गोठ्यात आज सहा संकरित गायी, तीन कालवडी व एक खिलार गाय. २०१२ सालापासून मी गोठ्याची वही ठेवते. मुलीच्या शाळेची अर्धी कोरी वही होती, तीत सुरुवात केली. कुठली गाय कधी भरली, कधी व्याली, आजारी पडली तर ताप किती, डॉक्टरांनी काय दिलं, किती मिली, दुसऱ्या दिवशी रवंथ सुरू झालं की नाही, एवढंच त्यात असतं. चार-पाच गायींच्या नोंदींवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण दूध संकलन केंद्रावर कॅन लावून उभं राहिल्यावर आपण जी औषधांची तुलना करतो, तिच्यापेक्षा ही वही बरी आहे.

पहिली नोंद गंगाची. जुलै २०१४. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, सात महिन्यांची गाभण. सकाळी धारेला पान्हा सोडेना, अंग तापलेलं. थर्मामीटर लावला तर १०५.५. गोचीड अंगावर होतेच, कानामागे आणि कासेच्या बेचक्यात. गावात खासगी सेवा देणारे एक जण आले, त्यांनी बघताक्षणी 'गोचीड ताप' म्हणून बुपार्वाक्वोन दिलं. त्या बाटलीची किंमत म्हणजे माझ्या एका गायीचं तीन-चार दिवसांचं दूध. दुसऱ्या दिवशी ताप तसाच. लघवी कोऱ्या चहासारखी. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झाली असेल, ताक पाजा. तिसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर आले. त्यांनी आधी गोठ्याच्या फरशीवरचा लघवीचा डाग पाहिला, मग पापणी उलटून पाहिली, मग कानाच्या टोकाला सुई टोचून काचेच्या दोन पट्ट्यांवर रक्ताचा थेंब ओढून घेतला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, 'बबेसिया आहे.' गोचिडातून रक्तात शिरणारा हा एक परजीवी. त्यावरच्या डिमिनाझिनचं इंजेक्शन झालं. दुसऱ्या सकाळी ताप १०२, तिसऱ्या दिवशी लघवी निवळली. गंगा वाचली, पण गाभडली. सात महिन्यांचं वासरू गेलं. ते दोन दिवस वाया गेले नसते तर कदाचित वाचलं असतं.

इथपर्यंतची गोष्ट मी केंद्रावर सगळ्यांना सांगितली, आणि चुकीची सांगितली. मी म्हणाले, ते महागाचं इंजेक्शन काही उपयोगाचं नाही, डिमिनाझिन स्वस्त आणि एका दिवसात गुण देतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं होतं, त्यामुळे मी अगदी ठामपणे सांगितलं. पुढच्या वर्षी, २०१५च्या भाद्रपदात, मोठ्या दिरांची गाय तापली. तिच्या दोन्ही खांद्यांपुढच्या गाठी लिंबाएवढ्या सुजल्या होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, लघवी मात्र स्वच्छ होती. दिरांनी माझंच ऐकलं, हट्टाने डिमिनाझिन द्यायला लावलं. पाचव्या दिवशी गाय गेली. तिला थायलेरिया, म्हणजे गोचिडातूनच येणारा दुसरा परजीवी, होता, आणि डिमिनाझिन थायलेरियावर काम करत नाही. मोठ्या दिरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी मात्र अजून ते विसरलेली नाही.

आपल्याकडे गोचिडामुळे आलेल्या प्रत्येक तापाला 'गोचीड ताप' म्हणायची पद्धत आहे. या एका नावाखाली तीन वेगळे आजार असतात, आणि खरा घोटाळा तिथे होतो. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्या पेशींनाच वाढायला लावतो. म्हणून गाठी सुजतात, ताप १०४ ते १०७पर्यंत चढतो. रक्त कमी होणं, डोळे पिवळे पडणं, शेणात रक्त दिसणं हे नंतरचं. बबेसिया तांबड्या पेशींत वाढून त्या फोडतो. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून बाहेर पडतो, म्हणून ती तांबडी किंवा काळपट होते. तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मा. हा खरं तर जिवाणूंच्या जातीतला. तांबड्या पेशीच्या कडेला ठिपक्यासारखा बसतो, आणि अशा पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं. त्यामुळे जनावर पांढरंफटक किंवा पिवळं पडतं, शेण कडक होतं, पण लघवी तांबडी होत नाही. २०१९ साली आमच्या एका भाकड गायीला हाच झाला होता. काच तपासल्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. तिन्हींपैकी हे सर्वांत साधं आणि स्वस्त औषध, आणि तिच्यासाठी तेच बरोबर होतं. तेच ऑक्सिटेट्रासायक्लिन ताप चढलेल्या थायलेरियाला दिलं तर गाय बरी होत नाही. आणि आपल्या बऱ्याच गावांत ताप दिसला की पहिली सुई त्याचीच पडते.

आता औषधाला औषध लावून पाहायचं तर ते असं. थायलेरियाला बुपार्वाक्वोन, शरीराच्या दर किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या ५ टक्क्यांच्या बाटलीतून २० किलो वजनाला १ मिली. हे माणसाच्या हिवतापावरच्या अ‍ॅटोवाक्वोनच्या कुळातलं औषध आहे, परजीवीच्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी साखळी तोडतं. बबेसियावर त्याचा भरवसा धरू नये. बबेसियाला दोन औषधं आहेत, डिमिनाझिन आणि इमिडोकार्ब, आणि खरी तुलना करायचीच तर या दोघांत करावी, कारण दोन्ही एकाच आजाराची आहेत. डिमिनाझिन लवकर गुण देतं आणि शरीरातून तुलनेने लवकर निघून जातं. इमिडोकार्ब शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं, त्यामुळे पुढचे काही दिवस पुन्हा लागण होण्यापासून थोडं संरक्षण मिळतं. जास्त मात्रेत ते अ‍ॅनाप्लाझ्मावरही चालतं. २०२० साली आमच्या सोनीला बबेसिया झाला तेव्हा डॉक्टरांनी इमिडोकार्ब निवडलं, कारण गोठ्यात गोचीड पुष्कळ होते. सुई दिल्यावर सोनीच्या तोंडातून लाळेच्या तारा लागल्या, पोटाकडे लाथा मारू लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं तासभर होऊ शकतं, घाबरू नका. सांगितलं नसतं तर मी 'औषध बाधलं' म्हणून पुन्हा केंद्रावर काहीतरी बोलले असते. जे औषध शरीरात टिकतं ते दुधातही उतरतं. बाटलीवर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत त्या गायीचं दूध केंद्रावर घालू नये. आम्ही घालत नाही, आणि यात तडजोड करायला मी कधी तयार होणार नाही. शेवटी ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं.

म्हणजे 'कुठलं इंजेक्शन चांगलं' या प्रश्नाला गायीच्या रक्ताकडे पाहिल्याशिवाय उत्तरच नाही.

माझ्या लहानपणी पावसाळ्यात हिवतापाचे कर्मचारी सायकलवरून मळ्यात यायचे. कुणाला थंडी वाजून ताप आलाय का विचारायचे. असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचे, गोळ्या द्यायचे आणि भिंतीवर रंगवलेल्या चौकोनात तारीख टाकून जायचे. राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम १९५८ साली सुरू झाला, तेव्हापासून माणसाचा ताप आणि रक्ताची काच ही जोडी आपल्या खेड्यांना पाठ आहे. आज आमच्या उपकेंद्रावरही ताप म्हटलं की आधी रक्त घेतात. गायीच्या तापात मात्र आपण आधी सुई देतो, मग अंदाज बांधतो, आणि गाय गेली की औषधाला शिव्या देतो. गोचिडामुळे जनावराला ताप येतो हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिलं. डासातून हिवताप येतो हे रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला कळलं ते १८९७ साली. म्हणजे गायीचा आजार चार वर्षं आधी उलगडला होता. काचेच्या बाबतीत आपण गायीला मागे का ठेवलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात एकदा एका कालवडीला घेऊन गेले होते, तेव्हा मला सूक्ष्मदर्शकातून काच पाहायला मिळाली. तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराचे दोन जोडीदार, निमुळत्या टोकाला एकमेकांना टेकलेले. तो बबेसिया. शेजारच्या दुसऱ्या काचेवर थायलेरिया होता, गाठीतून सुईने पाणी ओढून केलेली काच. पांढऱ्या पेशीत निळसर-जांभळे दाणे विखुरलेले. मी सातवी शिकलेली बाई, पण हे दोन वेगळे आजार आहेत हे मला एका नजरेत कळलं. शिरवळ आम्हाला खंबाटकी ओलांडून जावं लागतं, १०५ ताप असलेली गाय टेम्पोत घालून तिथे नेणं प्रत्येक वेळी जमणारं नाही. पण काच जाऊ शकते. पट्टी वाळवून कागदात गुंडाळली की खिशात मावते.

काचेलाही मर्यादा आहेत, तेही सांगते, नाहीतर उद्या कुणी माझ्या नावाने उलटी चूक करेल. बऱ्या झालेल्या गायीच्या रक्तात थोडे परजीवी महिनोन्‌महिने राहतात. तेव्हा काचेवर एखादा दिसला म्हणून लगेच सुई नाही. ताप, गाठी, पापणी आणि काच हे सगळं एकत्र पाहून डॉक्टर ठरवतात. कधी एकाच गायीत दोन आजार असतात. आणि गाय अगदीच टेकीला आली असेल तर अहवालाची वाट पाहत बसायचं नाही. पण रक्त मात्र सुई देण्याआधी घ्यायचं. हिवतापाचे कर्मचारीही काच घेऊन मगच गोळ्या द्यायचे.

आता चंद्रीबद्दल लिहिते. हे लिहायला जड जातं. ऑगस्ट २०१७. चंद्री म्हणजे आमच्या गोठ्यातली सर्वांत मोठी गाय, व्याल्याला तीन आठवडे झालेले, दोन्ही वेळचं मिळून २२ लिटर दूध. रविवारी सकाळी ती आणि एक कालवड अशी दोघी एकदम तापल्या. दोघींच्या गाठी सुजलेल्या. या वेळी मी शहाणी झाले होते; आधी काच, गाठीतलं पाणी, सगळं झालं आणि थायलेरियाच निघाला. पण रविवार असल्याने औषधाच्या दुकानात २० मिलीची एकच बाटली शिल्लक होती. मी डॉक्टरांना म्हटलं, दोघींना निम्मी निम्मी द्या, उद्या दुसरी आणू. ते नको म्हणत होते. मी गळ घातली. दोघींना दहा-दहा मिली गेलं. दुसऱ्या दिवशी दोघींचा ताप उतरला, चंद्री १०३वर आली, रवंथ करू लागली. आमचे हे म्हणाले, बघ, निम्म्यात काम झालं. मग दुसरी बाटली आणायची घाई कुणीच केली नाही. तिसऱ्या रात्री चंद्रीला १०६ ताप, धाप लागलेली. चौथ्या दिवशी पूर्ण बाटली दिली. पापण्या तोवर कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. सहाव्या दिवशी पहाटे धारेच्या वेळेलाच ती गेली. वासरू तिच्याकडे तोंड करून हंबरत होतं.

कालवड पूर्ण बरी झाली. आज ती तीन वेताची गाय आहे.

एकच बाटली, एकच दिवस, एकच हात. एक वाचली, एक गेली. पुष्कळ दिवस मी म्हणत होते, कालवडीचं रक्त तरुण. मग एका रात्री वही चाळताना दोघींची मापं सापडली. खुराक ठरवण्यासाठी त्याच वर्षी टेपने घेतलेली होती. छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला शरीराच्या लांबीने गुणायचं आणि ६६०ने भागायचं. उत्तर किलोत येतं. चंद्रीचा घेर ७४ इंच, लांबी ६० इंच. हिशेब आला ४९८ किलो. तिला २५ मिली हवं होतं. कालवडीचा घेर ५५, लांबी ४४, २०२ किलो. तिला दहा मिलीच हवं होतं. म्हणजे निम्म्या बाटलीत कालवडीला अगदी बरोबर मात्रा गेली आणि चंद्रीला निम्म्याहूनही कमी. चंद्री नुकती व्यालेली होती, तिच्यावर दुधाचा ताण होता, हेही कारण असेल. एका उदाहरणाने सगळं सिद्ध होत नाही. पण 'एका गायीला एक बाटली' हा जो आपल्याकडचा हिशेब आहे, तो ४०० किलोपर्यंतच खरा आहे. ५०० किलोच्या गायीला पूर्ण बाटली देऊनही पाच मिली कमी पडतात. खटावच्या भावांनी आपल्या गायीच्या छातीचा घेर कधी मोजला असेल तर कृपया तो पाहावा. माझा त्यांच्यावर राग नाही. ते ज्या जागी उभे आहेत तिथे मी उभी राहून आले आहे.

औषध भेसळीचं असू शकतं का? असू शकतं. बाटलीची पक्की पावती घ्या, बॅच क्रमांक लिहून ठेवा, रिकामी बाटली टाकू नका. संशय असेल तर तपासायला काहीतरी हातात राहतं. औषधाला परजीवी सरावतात, हेही खोटं नाही. ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तान आणि सुदान या देशांतून बुपार्वाक्वोनला दाद न देणाऱ्या थायलेरियाची नोंद झाली आहे. परजीवीच्या सायटोक्रोम-बी नावाच्या जनुकात बदल होतो आणि औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदलते. हे आपल्याकडे पसरलं तर आपल्या हातात त्याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. आणि माझ्यासारखीने एका बाटलीत दोघींना भागवायचं, कुणी बबेसियाला हेच द्यायचं, कुणी नुसत्या तापाला द्यायचं, ही त्या संकटाला दिलेली हाकच आहे. म्हणून 'औषध चालत नाही' असं छापून येण्याआधी ते नीट दिलं गेलं का, हे पाहायला हवं. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात शंभर घरी लोक थायलेरियाला पुन्हा ऑक्सिटेट्रासायक्लिनच देतील.

आणखी एक. बरोबर औषध बरोबर मात्रेत देऊनही गाय जाऊ शकते, कारण औषध परजीवी मारतं, रक्त बनवत नाही. २०२१ साली हरणीचं असंच झालं. आम्ही लग्नाच्या गडबडीत होतो, ताप दोन दिवस लक्षात आला नाही. काच झाली, वजन काढून पूर्ण मात्रा मानेच्या स्नायूत दोन-तीन जागी वाटून दिली, ताप उतरला. तरी हरणी उठेना. डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन ४च्या खाली आहे, रक्त द्यावं लागेल. मला गायीला रक्त देतात हेच ठाऊक नव्हतं. चुलत दिरांचा खिलार बैल होता, धिप्पाड, तपासलेला, निरोगी. त्याच्या मानेच्या शिरेतून सोडियम सायट्रेट घातलेल्या बाटल्यांत चार लिटर रक्त काढलं. बैल चारा चघळत शांत उभा होता, चुलत सासरे त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. ते रक्त हळूहळू, दोन-अडीच तास, हरणीच्या शिरेत गेलं. सगळी आळी गोठ्यापुढे जमली होती, कुणी बोलत नव्हतं. दिवेलागणीला हरणीने मान उचलून गव्हाणीतला डहाळा ओढला. त्या बैलाला घरच्या बायकांनी त्या वर्षी बेंदराला पुरणपोळीचा पहिला घास दिला. खिलाराला स्वतःला हा ताप संकरित गायीइतका सहसा बाधत नाही, आणि त्याचंच रक्त आमच्या एचएफला उपयोगी पडलं.

गोचीड कमी करण्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. थायलेरिया आणणारा गोचीड गायीच्या अंगावर कमी आणि भिंतीच्या फटीत जास्त वेळ असतो. आमची गोठ्याची जुनी दगडमातीची भिंत २०१९ साली सिमेंटने लिंपून घेतली, फटी बुजवल्या, त्यानंतर वहीतल्या नोंदी स्पष्ट कमी झाल्या. अंगावर फवारून फटी तशाच ठेवल्या तर पैसे वाया जातात. आयव्हरमेक्टिनची सुई गोचिडासाठी असते, थायलेरिया किंवा बबेसिया तिने मरत नाही; ती देऊन 'गोचीड तापाचं इंजेक्शन झालं' असं समजू नये.

या सगळ्यावरून माझ्या तीन मागण्या आहेत, आपल्या दैनिकामार्फत त्या जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या पशुसंवर्धन विभागापर्यंत पोहोचाव्यात. एक म्हणजे, जून ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि १९६२ क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या गाडीत काचपट्ट्यांचा डबा, काच रंगवायला मिथेनॉल आणि गिम्साचं रंगद्रव्य असावं, आणि काच पाहून त्याच दिवशी निकाल सांगणारा माणूस तालुक्याला एक तरी असावा. एका बुपार्वाक्वोनच्या बाटलीच्या पैशांत कितीतरी काचा होतात. दुसरं, दूध संघांनी संकलन केंद्रावर फॅटच्या यंत्राशेजारी वजनाची टेप टांगावी, वर ६६०चा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहावा.

तिसरी मागणी लसीची. थायलेरियाची लस आपल्या देशात तयार होते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीची रक्षावॅक-टी. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून गावापर्यंत नेणं अवघड असं मला नेहमी सांगितलं जातं. पण कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनच्याच भांड्यातून आमच्या गोठ्याच्या दारापर्यंत मोटारसायकलवर येतात, महिन्याला दोन-तीन वेळा. तेच भांडं, तोच रस्ता. एका गावातल्या संकरित कालवडी एकाच दिवशी गोळा करायच्या, म्हणजे उघडलेली लस वाया जाणार नाही. लंपीच्या लसीच्या वेळी, २०२२ साली, आम्ही सगळ्यांनी दावणी सोडून जनावरं मंदिरापुढच्या पटांगणात आणून उभी केली होती. पुन्हा आणू. फक्त तारीख सांगा.

खटावच्या भावांना एक विनंती. त्यांच्या गोठ्यात आणखी जनावरं असतील, आणि एक गाय तापली की बहुतेक दुसरीही तापते. ताप दिसला की आधी कानाचं रक्त घ्यायला सांगा. घेर मोजायची टेप माझ्याकडे जास्तीची आहे, रहिमतपूरच्या बाजारादिवशी आलात तर घेऊन जा. वही पाहायची असेल तर सकाळी नऊनंतर या, तोवर धारा आणि वैरण उरकलेली असते.

आपली,
एक दूधउत्पादक शेतकरी,
ता. कोरेगाव, जि. सातारा
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)